भाऊबीजेची गाडी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडते, तेव्हासुद्धा घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्हाला सांगते आहे ते कदाचित तुम्ही माझे कोणी लागत नाही म्हणून. आपल्या माणसापुढे तोंड उघडलं की तो काय म्हणेल, हेच आधी डोक्यात येतं, आणि मग मी सांगता सांगता गोष्ट गोड करून टाकते. ती सवय मला फार.

गोष्ट एका दिवाळीची आहे. सत्त्याऐंशी सालची. आम्ही राजुऱ्याला राहत होतो, हे कोळशाच्या खाणीत ऑफिसात होते. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे आंगण. बेबी, आमची मुलगी, चार वर्षांची. त्या वर्षी भाऊबीज शनिवारी आली आणि तिला लागून रविवार. आम्ही माझ्या भावाकडे, नथ्थूभाऊकडे, जाणार होतो. गाडी रद्द झाली, आम्ही घरीच राहिलो आणि सण मजेत गेला.

एवढीच गोष्ट. इतकी वर्षं मी ती एवढीच सांगत आले. ऐकणारेही म्हणतात, चला, बरं झालं, निदान आराम तरी मिळाला. मीही म्हणते, हो ना.

आता उरलेली सांगते. जमेल तशी.

नथ्थूभाऊ माझा एकुलता एक भाऊ, माझ्याहून बराच मोठा. मी शाळेत जायला लागले होते तेव्हा त्याच्या पाठीवर चट्टा दिसला. मग कानाच्या पाळ्या जाड झाल्या. एक दिवस तो घरातून गेला. बाबांनी गावात सांगितलं, पोरगा बल्लारपूरला कामाला लागला. खरं म्हणजे त्याला अहेरीच्या पलीकडे, जंगलातल्या एका महारोग्यांच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं होतं. म्हणजे खोटं बोलायचं वळण आमच्या घरातलंच — पण बाबांचं नाव कशाला घेऊ? त्यांनी गावाला फसवलं ते माझं लग्न व्हावं म्हणून. माझ्या खोट्याला असं कुठलं कारण होतं?

लग्नानंतर मी यांना खरं सांगितलं. घाबरत घाबरत सांगितलं. मला वाटलं होतं, हे चिडतील, माझ्या माहेराचं नाव टाकतील. तसं झालं असतं तर किती सोयीचं झालं असतं! बायका म्हणतात ना, माझ्या मनात खूप आहे हो, पण घरचे जाऊ देत नाहीत. मलाही तसं म्हणता आलं असतं. पण माणूस चांगला निघाला. हे म्हणाले, त्यात काय? बरा झाला ना? मग आपण भेटायला जाऊ. आणि मी तोंडावर आनंद आणला.

शेवटी त्या दिवाळीआधीच्या उन्हाळ्यात गेलो. नथ्थूभाऊचा आजार केव्हाच गेला होता, औषधही बंद झालं होतं. त्याच्यापासून कोणाला काही होणार नाही, हे तिथल्या डॉक्टरांनी यांना समजावून सांगितलं, मी शेजारी बसून मान हलवत होते. पण गेलेली बोटं काही परत येत नाहीत. उजव्या हाताची आखडलेली, डाव्या हाताची अर्धीच. नाक बसलेलं. तो तिथे मागावर सतरंज्या विणायचा. त्या हातांनी! हे कौतुकानं बघत राहिले. मी सतरंजीकडे बघत होते, कारण हातांकडे बघवत नव्हतं.

मग त्यानं बेबीला उचललं. ती हसली, त्याच्या गळ्यात पडली. त्यानं पालथा हात फिरवला तिच्या गालावर.

मला किळस आली.

हा शब्द तोंडातून काढायला मला इतकी वर्षं लागली. आजवर मनातल्या मनात मी त्याला भीती म्हणत होते. लेकराच्या काळजीपोटी वाटलेली भीती. आईला वाटणारच, नाही का? पण भीती नव्हती ती. मी शिकलेली बाई, मला सगळं समजत होतं. ती साधी, ओकारी आणणारी किळस होती. आणि ज्या हाताची किळस आली, त्याच हातानं लहानपणी मला मंडईत रेवड्या भरवल्या होत्या. आमच्या झाडीपट्टीकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, दंडार नाचतात. गर्दीत मला काही दिसत नसे म्हणून तो मला खांद्यावर घ्यायचा आणि मी वरून तोंड उघडायची. ते सगळं आठवत होतं मला तिथे बसल्या बसल्या. आठवत असूनही किळस जात नव्हती.

घरी आल्यावर बेबीचा गाल मी साबणानं धुतला. एकदा धुतला, मग पुन्हा धुतला, मग घासणी घेतली. पोर रडायला लागली. गाल लाल झाला तो यांना दिसला, तर मी म्हटलं, मुंगी चावली.

त्याच भेटीत नथ्थूभाऊनं सांगितलं होतं, दवाखान्याच्या वस्तीत त्याला दोन खोल्या मिळणार आहेत. त्याचं पहिलं घर. म्हणाला, "शेवंते, या भाऊबीजेले माह्या घरी ये. ओवाळ मले. मी तुले घास भरवतो." ओवाळून झालं की बहिणीनं भावाच्या तोंडात गोड घालायचं आणि भावानं त्याच ताटातला घास बहिणीला भरवायचा, ही आमच्या घरची रीत. आणि तोवर भाऊ उपाशी राहतो, पाण्याशिवाय काही घेत नाही. मी काही बोलण्याआधी हेच म्हणाले, येणार म्हणजे येणार.

त्यानंतर तो घास माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही. दिवाळीचं करायला बसले तरी तोच. नथ्थूभाऊला अनारसे आवडतात म्हणून तांदूळ भिजत घातले, गूळ घातला, खसखशीवर थापून तळले, जाळी छान पडली — आणि प्रत्येक अनारशाबरोबर मला वाटायचं, हाच तो मोडून माझ्या तोंडात घालेल. अर्ध्या बोटांनी. डबा भरला, वर फडकं बांधलं. हे म्हणाले, भावासाठी काय जीव टाकते ही! मी लाजले. लाजलेसुद्धा!

शनिवारी सकाळी आम्ही तयार होतो. पिशवीत ताम्हन, निरांजन, कुंकवाचा करंडा, नवं उपरणं, अनारशांचा डबा. त्या बाजूला जाणारी गाडी एकच. हे स्टँडवर चौकशीला गेले आणि तोंड पाडून परत आले. आलापल्लीच्या अलीकडे रस्त्यावर झाडं पाडून ठेवली होती, गाडी सुटणार नव्हती. त्या दिवसांत तिकडे झाडं अशी आडवी पडायची, आणि ती कोणी पाडली हे मोठ्यानं कोणी विचारत नसे.

मी मटकन खाली बसले. हे समजूत घालायला लागले. आणि आतून? आतून देव पावला होता. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. मला काही करावंच लागलं नाही. इथपर्यंत माझा काही दोष नाही, हे तुम्हीही मान्य कराल. मनात आलं त्याला कोण काय करणार? इथेच गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला कशाला त्रास दिला असता?

हे म्हणाले, आता घरीच सण करू. बेबीला घेऊन खवा आणायला बाजारात गेले. आणि ते गेल्यावर थोड्या वेळानं रशीदभाई आले.

रशीदभाई आमचे शेजारी. स्टँडला लागून त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. सकाळी यांचं पडलेलं तोंड त्यांनी पाहिलं होतं. धावत आले होते बिचारे, गळ्यात माप घ्यायची फीत तशीच. दारातूनच म्हणाले, "भाभी, रस्ता खुलला. झाडं हटवली. गाडी लागली आहे, मी डायव्हरले थांबवून ठेवलो. चला लवकर."

पिशवी दारातच होती. मी नेसलेली होते. बाजार हाकेवर होता. रशीदभाई स्वतः जाऊन यांना घेऊन आले असते. मी म्हटलं, "बेबीले उलट्या होऊन राह्यल्या, रशीदभाई. हे डॉक्टरकडे घेऊन गेले. आता कशी जाऊ?"

किती सहज आलं ते तोंडातून! आधी ठरवलं नव्हतं, खरंच नव्हतं. पण ठरवलं नसताना इतकं नीट खोटं ज्याला सुचतं, तो माणूस कसला म्हणायचा? आणि खोटं घातलं ते कोणाच्या माथी — स्वतःच्या पोटच्या पोरीच्या, सणाच्या दिवशी. रशीदभाई चुकचुकले, म्हणाले, राहू द्या मग, लेकराला जपा, मी डायव्हरला सांगतो. आणि आले तसे धावत गेले. थोड्या वेळानं गाडी सुटल्याचा आवाज आला. मी दार लावलं आणि पिशवी आत नेऊन रिकामी केली.

हे खवा घेऊन आले. रशीदभाई येऊन गेले, हे मी सांगितलं नाही.

आता खरी लाजिरवाणी गोष्ट. तुम्हाला वाटेल, मग मला चैन पडलं नसेल, घास उतरला नसेल, चोराच्या मनात चांदणं वगैरे. मीही पुढे स्वतःला तसंच सांगून बघितलं. पण नाही हो. मला मजा आली. लग्न झाल्यापासून इतकी मजा कधी आली नव्हती.

अंगावरून ओझं उतरल्यासारखं झालं होतं. मी बासुंदी आटवली. पुऱ्या तळल्या. गाणं गुणगुणत होते, हे म्हणाले, आज गळा मोकळा झालाय. दुपारी पत्ते काढले. मी यांना लबाडी करून हरवलं आणि पोट धरून हसले. आणि संध्याकाळी चहाबरोबर काही हवं म्हणून अनारशांचा डबा सोडला. त्याच्यासाठी भरलेला. हे म्हणाले, राहू दे, पुढच्या आठवड्यात कोणाच्या हाती पाठवू. मी म्हटलं, मऊ पडतील. एक मी खाल्ला, मग दुसरा. खुसखुशीत झाले होते. रविवारी रात्रीपर्यंत डबा संपला.

शनिवारीच दुपारी जुबेदाबी, रशीदभाईंच्या घरच्या, मागच्या आंगणाच्या कुंपणाशी आल्या. बेबीसाठी साबुदाण्याची पेज करून आणली होती, पितळेच्या भांड्यात, कोमट, जायफळ घातलेली. बेबी तेव्हा पुढच्या पडवीत चकली खात टिकल्या फोडत होती. मी भांडं घेतलं, म्हटलं, आत्ताच झोपली. त्या गेल्यावर पेज मोरीत ओतली. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये म्हणून ते घासून त्यात चिवडा आणि करंज्या घालून दिल्या. त्यांनी मला दुवा दिली. पेज मोरीतून लवकर जाईना, साबुदाणा अडकला, मी बोटानं ढकलला. त्या चिकट पेजेची मला आज जितकी किळस येते, तितकी कोणाच्या बोटांची कधी आली नाही. पण ते आज. तेव्हा मी हात धुतले आणि पुढे जाऊन पत्ते वाटले.

यांची आणि रशीदभाईंची गाठ पडू नये म्हणून मी दोन दिवस यांना स्टँडकडे फिरकू दिलं नाही. लाडीगोडी लावली, डोक्याला तेल चोळलं, रविवारी मटण शिजवलं, ते आणायलाही पलीकडच्या आळीतल्या खाटकाकडे पिटाळलं; सोमवारपासून जो तो कामाला लागला आणि तो विषय पुढे निघालाच नाही. यांना वाटलं, बायको खुशीत आहे. आणि होतेच की मी खुशीत.

आणि अजून एक राहिलं. भाऊबीजेच्या संध्याकाळी चंद्राची कोर दिसली. भाऊ जवळ नसला की चंद्राला ओवाळतात. मी आंगणात पाट मांडला, निरांजन लावलं, चंद्राला ओवाळलं. हे बेबीचा हात धरून शेजारी उभे होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुठून आलं मला ठाऊक नाही, पण आलं, गालावरून ओघळलं, आणि यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, किती चांगली बहीण आहे मी! हो, अगदी असंच वाटलं. पोटात दोन अनारसे होते त्याचे.

संक्रांतीच्या सुमारास निरोप आला की नथ्थूभाऊचा पाय खराब झाला आहे, दवाखान्यात कापावा लागला. यांनी लगेच रजा टाकली. या वेळी रस्ता मोकळा होता.

तो त्याच्या घरात होता, बाजेवर बसलेला. उजव्या पायाला जाड पट्टी, पुढचा भाग नव्हता. हे त्याच्याजवळ बसले. मी पाणी आणायचं निमित्त करून बाहेर आले. शेजारची सोनाबाई हौदावर होती, तीही तिथलीच, त्याच आजारातून उठलेली. तिनं मला ओळखलं. मी विचारलं नव्हतं, तरी सांगायला लागली. आवाज चढवला नाही, घरातली गोष्ट सांगावी तशी सांगत होती.

"भाऊबीजेले तो सकाळपासून फाट्यावर होता, बाई. दवाखान्याच्या चपला काढून ठेवल्या न् बाजारातल्या नव्या घालून गेला. म्हने, बहीन येऊन राह्यली, त्या रबराच्या चपला पाहून तिले लाज वाटंन. दुपारी गाडी आली. सारे उतरले. त्याले वाटलं, मागून दुसरी असंन. अंधार पडला तवा चालत आला. चपलेचा खिळा पायात पार घुसला होता. त्याले काय समजते?"

त्या आजारात पायाला काही जाणवत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. म्हणून तर त्यांना तिथे जाड रबराच्या चपला करून देतात. फाटा वस्तीपासून दोन कोस. तो खिळ्यावर चालत आला आणि त्याला कळलं नाही.

आणि गाडी आली होती. ती त्यानं पाहिली होती. त्यातून उतरणारं एकेक माणूस पाहिलं होतं, उपाशीपोटी.

मी तांब्या घेऊन आत आले. तेवढ्यात हे त्याला विचारत होते, अहो, त्या दिवशी किती वेळ उभे राहिलात? आम्ही तर निघालोच नाही, गाडीच रद्द झाली, ही किती रडली विचार! नथ्थूभाऊनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, दाराचा आवाज झाला की माणूस वर पाहतो तेवढंच. मग यांना म्हणाला, "हो ना, भाऊजी. गाडी आलीच नाई त्या दिशी. मी फाट्यावरच होतो ना."

मी तांब्या खाली ठेवला. तेव्हा एक शब्द बोलायला हवा होता, आणि तो बोलणं काही फार अवघड नव्हतं. मी पदरानं हात पुसत उभी राहिले.

संक्रांतीचे दिवस. त्यानं सोनाबाईकडून तिळगूळ करून घेतला होता. तिळगूळ हातात देतात. त्यानं ताटली जमिनीवर ठेवली आणि मनगटानं आमच्याकडे सरकवली. बेबी धावत गेली आणि बाजेवर चढून त्याच्या कुशीत शिरली, तिला उन्हाळ्यातलं आठवत होतं. त्यानं दोन्ही हात वर धरले. तिला कुठे लागू नयेत म्हणून अंगापासून दूर, वर. आणि बेबी त्याच्या छातीशी बसून तिळगूळ खाईपर्यंत ते तसेच धरून ठेवले.

उन्हाळ्यातच त्याला समजलं होतं म्हणजे. तरी तो फाट्यावर आला होता.

त्यानंतरही तो पुष्कळ वर्षं जगला. आम्ही वर्षा-दोन वर्षांनी जात राहिलो. मी त्याला ओवाळलंही, निरांजन फिरवलं, कुंकू लावलं. आणि दर वेळी घासाची वेळ आली की तोच म्हणायचा, मले आता गोड चालत नाई. मी आग्रह केला नाही. एकदाही नाही. चार वर्षांपूर्वी तो गेला.

किळस येते असं म्हणायलाही मला आता तोंड नाही. तो शब्द माझा एकदा वापरून झाला आहे, आणि चुकीच्या माणसावर वापरला आहे.

हे अजून दर दिवाळीत चकलीचा पहिला तुकडा मोडताना म्हणतात, "गाडी रद्द झाली होती ती दिवाळी आठवते का गं? काय मजा आली होती." मी म्हणते, हो, आठवते. आणि मजा आली होती, हे खोटं नाही.